लांब यादी, आखूड यादी

शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टींवर माझ्या थोरल्या साडूंइतका अविश्वास असणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडायचा नाही. बेलापूरच्या एका कंपनीत औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी जुळवणं हे त्यांचं काम. एका तक्त्यात पेशंट, दुसऱ्यात त्यांच्या रक्ताचे रिपोर्ट. पहिला लांब, दुसरा आखूड, कारण काही पेशंट रक्त द्यायला फिरकलेलेच नसतात. असे तक्ते नुसते एकमेकांना चिकटवले तर एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून दोन्हीकडे सारखी असलेली खूण धरून ओळीला ओळ जोडायची, जोडीदार मिळाला नाही तर जागा रिकामी ठेवायची, पण ओळ गाळायची नाही आणि रिकाम्या जागी मनानं काही भरायचं नाही, हा साडूंचा धर्म. ऑफिसात तो त्यांनी खुशाल पाळावा. पण एका लग्नात, नवरानवरी स्टेजवर बसलेले असताना, "शेजारी बसवलं म्हणजे जोडलं असं होत नाही," हे ते मुलीच्या वडिलांना समजावून सांगत होते. आम्ही आइस्क्रीम न खाताच निघालो.

त्यांच्या संगणकाच्या भाषेला एक खोड आहे. आखूड यादी संपली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि लांब यादीला पुरी पडते. बरोबर भाग गेला नाही तर फक्त एक इशारा देते. ही खोड साडूंनी स्वयंपाकघरात आणली. माणसं पाच आणि बोंबील सात असले, तर उरलेले दोन पहिल्या दोन पानांवर. त्यामुळे त्यांच्याकडे पहिल्या पानासाठी पाहुण्यांत धक्काबुक्की होते. एकदा दिवाळे गावच्या कोळीवाड्यात सात बोंबील घेताना ते हे सगळं कोळणीला समजावत उभे राहिले. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी ती म्हणाली, "दादा, आनखी तीन घे, फुकट घे, पन तुजं गनित घरी ने! माजी मासली हितंच सुकाय लागली हाय." सात आणि तीन दहा, पाचांत बरोबर वाटले जातात. साडू हरखून माझ्याकडे वळले, "बघा, हिला कळलं!"

सासरे साडूंकडेच जुईनगरला राहतात. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि आमंत्रणांचं काम साडूंनी अंगावर घेतलं. एक यादी सासऱ्यांच्या डायरीतल्या नावांची, दुसरी फोनवरच्या घराण्याच्या ग्रुपातल्या नंबरांची. हा ग्रुप कुणी कुणाला जोडत वाढलेला, त्यात कोण कोण आहे हे देवालाच ठाऊक. सासरे तेवढे त्यात नव्हते, कारण त्यांचा फोन बटणांचा. साडूंनी नावाची खूण धरून याद्या जोडल्या, तर पुरुष झाडून जुळले आणि बायका झाडून रिकाम्या आल्या. तासभर त्यांनी कोड तपासला. शेवटी मेव्हणी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, बाबांनी डायरीत सगळ्यांची माहेरची नावं लिहिलीत. लग्नात आमची नावं बदलता ना तुम्ही लोक!"

साडूंनी कपाळावर हात मारला. "खूणच बदलायची? काय पण पद्धत! असला डेटा कोण जोडणार?"

"टेन्शन कशाला घेता? गाळा त्या ओळी," मी म्हणालो.

"यमूची नका गाळू," पलंगावरून सासरे म्हणाले. यमू त्यांची धाकटी बहीण. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली, ती पन्नासेक वर्षं फिरकलीच नाही. तिचं सासरचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. "ती आली तर मी पाटावर बसतो. नाहीतर राहू दे ते चंद्र."

मग साडूंनी न जुळलेले नंबर एकेक करून लावले आणि दर बाईला विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय?" एकीनं "ओटीपी पण सांगू का, मेल्या?" म्हणून फोन आपटला. दुसरीनं फोन मुलाकडे दिला, आणि मुलगा पोलिसात होता. तिसरी कुणी सुलोचना होती. ती ग्रुपावर रोज 'शुभ सकाळ' लिहिलेलं फूल टाकायची. कुणाची तरी सासू असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. फोन स्पीकरवर होता.

"यमू," ती म्हणाली. "नातवानं घातलं मला ग्रुपात. कुणी ओळखलं नाही, मीही सांगितलं नाही. दादा कसा आहे?"

साडूंनी आमंत्रण दिलं. येते म्हणाली. मग अडखळत तिनं विचारलं, "रोज फूल टाकते मी. दादा बघतो ना?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. "बघतात की," ते म्हणाले. "रोज बघतात."

पंचवीस वर्षांत मी त्यांना खोटं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं, आणि इतके ते मला कधी जवळचे वाटले नव्हते. फोन ठेवून त्यांनी चपला घातल्या, बाजारात गेले, सासऱ्यांसाठी नवा स्मार्टफोन घेऊन आले आणि त्यांना ग्रुपात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल आलं. सासऱ्यांनी चष्मा पुसला, फोन अगदी डोळ्यांजवळ नेला आणि त्या फुलालाच मोठ्यानं विचारलं, "यमे, उठलीस का गं?"