अर्धवट वस्तूंचं स्टेशन

वसंता गेल्याचा वहिनींचा फोन आला, तेव्हा मी पालेगावच्या घरी गळका नळ दुरुस्त करत होतो. पाना हातातच राहिला आणि मनात आलं ते भलतंच... आता त्याच्या क्रेनचं काय? मित्र गेला आणि मला क्रेनची पडली! वसंताला मात्र हे ऐकून बरंच वाटलं असतं.

अंबरनाथच्या एकाच कारखान्यात आमची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात. याने बदलापूरला शिरगावच्या फ्लॅटमधली आतली खोली अडवून खेळण्यातली रेल्वे मांडली. प्लायवूडवर रूळ, बोगदा, स्टेशन. शेजारी त्याला पूल आणि क्रेनही पाहिजे होते, तेही जुन्या खेळातले. भोकं पाडलेल्या लाल-हिरव्या पट्ट्या नटबोल्टांनी जोडून पूर्वी पोरं काय काय बनवायची, तो खेळ. त्यासाठी आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये गोपीभाईच्या भंगारच्या दुकानात जायचो. तिथे मिळणाऱ्या त्या खेळाच्या डब्यांत कधीकधी कुण्या पोराने अर्धवट जोडून सोडलेलं काहीतरी निघायचं. ते खोलून सरळ पूल बांधावा की नाही? पण वसंता एक बोल्ट ढिला करू द्यायचा नाही. ती वस्तू तशीच रुळांशेजारी ठेवून बघत बसायचा. जिना असेल? की तोफ? मी जातीचा फिटर. अर्धवट काम दिसलं की माझे हात शिवशिवतात. "अरे, पण हे आहे तरी काय?" मी वैतागायचो. तो शांतपणे म्हणायचा, "ते त्या पोरालाच ठाऊक."

एकदा गोपीभाईने प्रेमापोटी घोळ घातला. "साईं, देखो! सब खोल के रॉकेल में धो डाला. एकदम चकाचक!" वसंताचा चेहरा पार उतरला. तरी "अच्छा किया" म्हणून त्याने सगळा डबा घेतला. मग घरी भिंग घेऊन बसला. बोल्ट आवळताना रंग उडालेल्या खुणांवरून कुठली पट्टी कुठे होती, ते शोधायला लागला. म्हटलं, याचं डोकं फिरलं. पुढच्या रविवारी त्याच्याशेजारी मीही भिंग घेऊन बसलो होतो, आणि जुळत आलेली ती वस्तू होडीच होती यावरून कडाकडा भांडतही होतो.

परवा वहिनींनी बोलावलं. टेबलावर त्याच्या हातची शेवटची जोडणी होती. "क्रेनच करत होते ना, भाऊजी? तेवढी पुरी करून द्या. अर्धं राहिलेलं बघवत नाही मला."

मलाही तो म्हणालेला, क्रेन करतोय. वजन उचलायचा आकडा तेवढा लावायचा बाकी दिसत होता. मी पेचकस उचलला आणि थबकलो. मागच्या बाजूने एक लांब पट्टी वाकवून खाली सोडली होती. क्रेनला शेपूट कशाला? उलटसुलट करून पाहिलं, काही उमगेना. वसंताला हाक मारून विचारावं असं वाटलं... आणि तो नाही, हे तेव्हा खरं कळलं.

पेचकस खाली ठेवला. ती वस्तू तशीच उचलून स्टेशनजवळ, त्या होडीच्या बाजूला ठेवली. वहिनी वाकून बराच वेळ बघत राहिल्या. आयुष्यभर त्या खोलीला नावं ठेवणाऱ्या वहिनी!

"पण हे आहे तरी काय हो?" त्यांनी विचारलं.

मला रडू आवरेना, आणि हसूही. म्हटलं, "वहिनी, ते त्या पोरालाच ठाऊक."