प्रॉम्प्टरच्या बोटावर चालणारा दिवा

गेल्या हिवाळ्यात, ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात, नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायक मेला आणि त्याच्या उशाजवळचा लाल दिवा लुकलुकत राहिला.

दिवा मी बनवला होता. वडशाला माझं अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीची लाइट सांभाळतो. या नाटकात शेवटी दवाखान्याचा सीन आहे. नायक मारेकऱ्याला माफ करतो आणि शांतपणे जीव सोडतो. त्याच्या काळजाच्या ठोक्याबरोबर दिवा लुकलुकावा, ही कल्पना माझी.

मॅनेजरनं विचारलं होतं, "टायमर लावून काऊन नाई जमत?"

"टायमरचा दिवा ट्रॅक्टरच्या इंडिकेटरवानी दिसते," मी म्हणालो.

सर्किट साधं आहे. बोटाला लावायच्या क्लिपमध्ये एक बारीक लाइट आणि तो टिपणारा सेन्सर असतो. ठोका पडला की बोटात रक्त वाढतं आणि परत येणारा उजेड किंचित कमी होतो. तेवढ्या फरकावर बाहेरचा दिवा लागतो. बोट जोरात दाबलं तर रक्त बाजूला होतं, फरक उरत नाही, दिवा विझतो. नायक मेल्यावर दिवा कसा विझवायचा, हा प्रश्न त्यानं सुटत होता.

क्लिप जैरामभाऊंच्या बोटाला लावायची ठरली. ते कंपनीचे जुने नायक. प्रयोग चालू असताना स्टेजवर साप निघाला तरी वाक्य न सोडणारा माणूस, अशी त्यांची ख्याती.

तालमीत दिवा फार भराभर लुकलुकला. मला सर्किटवर शंका आली. क्लिप माझ्या बोटाला लावली, ठीक चालली. मॅनेजरच्या बोटाला लावली, ठीक चालली. पुन्हा जैरामभाऊंना लावली. पुन्हा तेच.

चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं. स्टेजवर उभं राहिलं की पहिल्यापासून छाती अशीच धडधडते, म्हणाले. घरीही कोणाला सांगितलेलं नाही.

"मले पाहून नवे पोरं धीर धरते. त्याईले हे नको दाखवू. मॅनेजरले सांग, सर्किट बिघडलं."

मी मॅनेजरला सांगितलं की हात हलला की सेन्सर चुकतो. हेही खरं होतं. मग प्रॉम्प्टर मुखरूभाऊंचं बोट घ्यायचं ठरलं. झाडीपट्टीत तालमी थोड्या होतात आणि विंगेतून वाक्यं सांगणाऱ्या प्रॉम्प्टरवर नाटक चालतं. मुखरूभाऊंचा ठोका संथ होता. वायर विंगेतून खाटेपर्यंत नेली. नायक मेला की त्यांनी बोट दाबायचं.

पहिल्याच प्रयोगात डॉक्टर झालेल्या नटाला वाक्य आठवेना. मुखरूभाऊ ते सांगण्यात गुंतले आणि बोट दाबायचं राहिलं. जैरामभाऊंनी मान टाकली होती. दिवा चालू होता. मी समोरच्या विंगेत होतो. माझ्या हाताशी फक्त मेन स्विच होता, तो पाडला असता तर सगळा स्टेज अंधारात गेला असता.

पुढच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "अवो, थो जित्ता हाय ना."

दोघं-चौघं हसले. आणखी हसले असते तर सीन गेला असता. जैरामभाऊ डोळे मिटून पडून होते, त्यांना काय झालं ते कळत नव्हतं. बायकोचं काम करणाऱ्या सुमनबाई रडता रडता थांबल्या. त्यांनी दिव्याकडे पाहिलं. उठल्या, उशाशी गेल्या आणि दिव्यावर तळवा ठेवला. बोटांच्या फटीतून थोडा वेळ लाल उजेड येत-जात राहिला. त्यांनी दुसरा हात वर ठेवला. उजेड बंद झाला.

पडदा पडला.

नंतर आयोजक मंडळाचे अध्यक्ष मेकअपच्या खोलीत आले. दिवा जैरामभाऊंच्याच ठोक्यावर चालतो असं समजून, मरतानाही ठोका इतका संथ कसा ठेवला, असं त्यांनी सगळ्यांदेखत त्यांना विचारलं. मी मुखरूभाऊंकडे पाहिलं. ते संहिता बांधत होते.

जैरामभाऊ रंग पुसत म्हणाले, "थो ठोका मुखरूचा होता. माहा लावला असता तं तुमीच पळाले असते. लय भेतो मी."

अध्यक्ष हसले. नवी पोरंही हसली. जैरामभाऊ चेष्टा करत आहेत, असं सगळ्यांनी धरलं.

पुढच्या गावच्या प्रयोगात क्लिप मुखरूभाऊंच्याच बोटाला होती. बोट दाबायची सूचना काढून टाकली होती. दिवा सुमनबाईंनी झाकला.