धरायला दिलेला शंख

रायगड जिल्ह्यात आमच्या आतोबांइतका सावध माणूस आजवर झाला नाही आणि पुढेही होणार नाही. कारण तसा कोणी होऊ लागलाच, तर आतोबा आधी त्याला थांबवून नीट तपासून घेतील. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सारी नोकरी त्यांनी रेल्वेत, ठाकुरवाडीला काढली. लोणावळ्याहून घाट उतरणारी गाडी तिथे थांबवायची, ब्रेक लागतात याची खात्री करायची आणि मगच खाली सोडायची, हा तिथला नियम. वर्षानुवर्षं हेच बघून त्यांचं ठाम मत झालं, की जगातली कोणतीही गोष्ट एकदा थांबवून पाहिल्याशिवाय पुढे सोडण्याच्या लायकीची नसते. जिना उतरताना ते मधल्या पायरीवर उभे राहतात. स्कूटरवरून खालापूरला जाताना उतार लागला की मध्येच थांबतात, ब्रेक दाबून बघतात, मागे बसलेल्याला "बरा हायस ना रं?" असं विचारतात आणि मग उरलेला उतार उतरतात. माझ्या लग्नात वरातीची गाडी त्यांनी मांडवापासून पन्नास पावलांवर अशीच अडवली होती. भटजी मांडवातून हातवारे करत होते, सासरेबुवा घाम पुसत होते आणि आतोबा ड्रायव्हरला शांतपणे हँडब्रेक ओढून दाखवायला सांगत होते. मुहूर्त साधला, पण कसा ते आमचं आम्हाला माहीत.

निवृत्त होऊन पळसदरीला घर बांधल्यावर ही सारी तपासणी आत्याच्या वाट्याला आली. गॅसच्या नळीला आतोबा दर आठवड्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघतात. आंबा कापण्याआधी कानाशी धरून हलवतात; त्यातून काय ऐकू येतं ते त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. आत्या सत्तरीला आली, तरी तिच्या ताटातल्या माशाचे काटे तेच काढून देतात. एकेक काटा उजेडात धरून बाजूला ठेवतात, आणि तोवर आत्या भात गार होताना बघत बसते.

अशा माणसाच्या देव्हाऱ्यात एक शंख होता. बोटभर लांब, एका बाजूला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता, पिवळसर अंगावर तपकिरी खवल्यांची नक्षी. वाजत नसे. दर दसऱ्याला आतोबा गाल फुगवून प्रयत्न करत आणि मग 'अजून तयार नाय' म्हणून पुन्हा देवापुढे ठेवत. त्या शंखाची गोष्ट ही आतोबांच्या आयुष्यातली एकुलती एक प्रेमकथा, आणि ती ऐकल्याशिवाय त्यांच्याकडून चहा मिळत नसे. लग्नाला महिनाही झाला नव्हता, दोघं अलिबागजवळ त्यांच्या बहिणीकडे गेली होती. ओहोटीच्या वेळी खडकांत हा शंख ओलाचिंब, चमचमत पडलेला दिसला. आतोबांच्या एका हातात चपला, दुसऱ्या हातात पिशवी. त्यांनी तो उचलला, "हे धर गं," म्हणून नव्या नवरीच्या हातात दिला आणि पुढे चालू लागले. आत्याने तो मुठीत धरला तो थेट एसटीत बसेपर्यंत. "तिचा पैला दागिना," असं म्हणून आतोबा दर वेळी आत्याकडे बघत. आत्या हातातलं काम करत राही.

चार वर्षांपूर्वी धरणावर फिरायला आलेल्या एक बाई पाणी मागायला दारात थांबल्या. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या. देव्हारा बघून त्या तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. हा पूजेचा शंख नव्हे, म्हणाल्या. यात राहणारी गोगलगाय विषारी. तोंडातून सुईसारखा दात मारते, मासासुद्धा जागच्या जागी गार होतो. माणसंही दगावलेली आहेत आणि त्या विषावर उतारा नाही. एवढं सांगून, पाणी पिऊन बाई गेल्या, आणि आतोबांचं घर बदललं.

शंख देव्हाऱ्यातून बिस्किटाच्या डब्यात गेला. डब्याला तार गुंडाळली, डबा कपाटावर चढला. आतली गोगलगाय मरून चाळीस वर्षं झाली होती, त्याने काही बिघडलं नाही. ओढ्यात खेकडे-चिंबोऱ्या धरणाऱ्यांना आतोबा शंख रुंद बाजूने कसा धरावा हे शिकवू लागले. पळसदरीच्या ओढ्यात असा शंख यायचा तर त्याला कर्जतहून रिक्षाच करावी लागली असती. पुढे कळलं की त्या प्राण्याची सोंड मागेही वळते, तेव्हा त्यांनी साऱ्या गावाला घरोघर जाऊन सुधारित सूचना दिली, की कुठूनच धरू नये.

इथवर हसण्यासारखं होतं. पण यंदा महिला मंडळाची सहल अलिबागला निघाली, आत्याने नाव दिलं आणि आतोबांनी ते जाऊन काढून आणलं. कारण सांगितलं नाही. त्या लग्नानंतरच्या फेरीपासून आत्याने समुद्र पाहिला नव्हता. तिने आदळआपट केली नाही, नुसतं बोलणं बंद केलं. आठ दिवसांनी मला पोशीरला, माझ्या घरी, त्यांचं बोलावणं आलं.

आतोबा ओट्यावर बसले होते. नाव का काढलं, असं मी विचारलं.

"मी दिला रं तो तिच्या हातात," ते म्हणाले. "येवढ्या गाड्या थांबवल्या, तपासल्या. आनि हिच्या हातात देताना नाय बघितलं. काय झालं असतं तर?"

चार वर्षं हा माणूस हे एकटाच घेऊन बसला होता. मला त्यांची फार माया वाटली. हे तिला सांगा, एवढंच मी म्हणालो, आणि जवळजवळ ढकलतच त्यांना आत नेलं. आत्या जमिनीवर बसून लाल माठाची भाजी निवडत होती. आतोबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"जित्तं व्हतं ते," ती म्हणाली. "मला ठावं व्हतं. मुठीत हलायचं."

"मंग टाकलं का नाय गं?"

"तुमी दिलं व्हतं. टाकलं असतं तर तुमाला राग आला असता." तिने एक काडी मोडून बाजूला टाकली. "नवी व्हते मी. त्याच्यापरीस तुमचंच भ्या वाटायचं."

आतोबा खाली बसले, तिच्याशेजारी, भाजीच्या पसाऱ्यातच.

"आनि आता?" त्यांनी विचारलं.

"आता नाय वाटत," आत्या म्हणाली. "पन अलिबागला मला जायाचं हाय."

आतोबांनी होकारार्थी मान डोलावली. मग, माझ्यादेखत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. आत्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उताणा केला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि तळव्यावरून, एकेका बोटावरून काहीतरी शोधत राहिले. एवढ्या वर्षांनी तिथे काय दिसणार होतं? भाजीचा लाल डाग होता, तेवढाच. आत्याने हात काढून घेतला नाही.