वस्तादांचा उजवा डोळा

आमच्या तालमीचे वस्ताद नमस्काराच्या आधी मारायचे. पोरगा चुकला असेल तर चुकला म्हणून, आणि नसेल तर चुकू नये म्हणून. हात असा की कानाखाली जाळ निघायचा. माझ्या सख्ख्या भावाचा त्यांनी दात पाडला, आणि आमच्या आईनं उलट त्यांनाच पुरणपोळीचं ताट पाठवलं. भावाचं मावा-तंबाखू खाणं त्या दिवसापासून सुटलं होतं.

तालीम आमच्या दारासमोर आणि तिच्या मागच्या रस्त्याला पैशाची पेठ. पूर्वी तिथं गुळाच्या अडती होत्या. आता बँका, शेअर दलाल, कर्ज देणाऱ्या कंपन्या. त्यात एक भलीमोठी काचेची कंपनी आली. खुर्चीवरची सगळी माणसं पुण्या-बेंगलोरची, आणि आमची पोरं दारावर पहाऱ्याला नाहीतर चहा न्यायला. मी बी.कॉम. होऊन घरात भाकऱ्या थापत होते. गल्लीत एकच बोलणं, "फोडा की एकदा ती काच!"

एका सकाळी पोरं खरंच दांडकी घेऊन निघाली. वस्तादांनी त्यांना वाटेत गाठलं आणि पुढच्या दोघांना भर रस्त्यात तुडवलं. मग अंगावर कुस्तीच्या हौद्यातली लाल माती तशीच, लंगोटावर लुंगी गुंडाळलेली, असे ते कंपनीत शिरले आणि मोठ्या साहेबांना कॉलर धरून खाली घेऊन आले.

"पावणं, ही पोरं बघा. ह्यांच्याच गावात मैदान भरवायचं आणि ह्यांनी नुस्तं लांबनं बघायचं व्हय?"

साहेब घाईघाईनं म्हणाले, "किती जणांना घेऊ, सांगा."

त्यावर तर वस्ताद जास्तच भडकले. "फुकट एकबी घेऊ नगा! कच्ची माणसं भरलीसा तर धंदा बसंल, कंपनी दुसऱ्या गावाला जाईल, मग आमी काय दगडं चावायची? शिकवा, परीक्षा घ्या, जोड बघून कुस्ती लावा. पर आमच्या पोरांस्नी हौद्यात उतरू तर द्या की!"

साहेबांची बाहेरगावची माणसं तशीही टिकत नव्हती. त्यामुळे पटलं, की भीतीनं पटलं, देव जाणे. पण त्यांनी कॉलर झटकली आणि हो म्हटलं.

तालमीच्या माडीवर कंपनीचा वर्ग सुरू झाला. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही ही जुनी रीत. वस्तादांनी रीत मोडली नाही, आम्हा मुलींसाठी गल्लीतूनच लोखंडी जिना लावून घेतला. शिकताना कुणी पेंगलं की मागून तडाखा बसायचा. मुलींवर ते हात टाकत नसत, पण माझ्या कानाशेजारच्या भिंतीवर असा पंजा आपटत की पोपडे खाली पडायचे. मी मनातल्या मनात त्यांना लाख शिव्या दिल्या आहेत.

परीक्षेत मी पास झाले. संजू नापास झाला. संजू म्हणजे वस्तादांचा पुतण्या. आईबापाविना पोर, यांनीच वाढवलेलं. चुलता आता पुन्हा साहेबाची कॉलर धरणार, असं तो धरूनच बसला होता. वस्ताद म्हणाले, "गावचा पैलवान म्हणून कोण पाठ टेकवून देतंय व्हय? चितपट झालास. परत उतर."

माझा कामाचा पहिला दिवस होता. दहाच्या सुमाराला खाली आरडाओरडा झाला, बघते तर संजू आणि त्याचे दोस्त हातात दगड घेऊन उभे. कंपनीच्या दारात वस्ताद, दोन्ही हात पसरून. पहिल्या दगडानं काच खळकन फुटली. दुसरा संजूनं मारला, तो वस्तादांच्या उजव्या डोळ्यावर बसला. सदरा रक्तानं भिजला, पण म्हातारा खाली बसला नाही. तसाच चालत गेला, संजूला मानेला धरून रस्त्यावर आपटला, छातीवर गुडघा रोवला आणि बुक्क्यांवर बुक्क्या. डोळ्यातलं रक्त संजूच्या तोंडावर गळत होतं आणि वस्ताद ओरडत होते, "परत उतरनार का न्हाय? बोल! उतरनार का न्हाय?"

"उतरतो, काका, उतरतो," संजू रडत म्हणाला, तेव्हा कुठं त्यांनी सोडलं.

डोळा गेला. पोलिसांनी विचारलं, दगड कुणी मारला? वस्ताद म्हणाले, "मैदानात लागतंयच की."

पुढच्या खेपेला संजू पास झाला. पेढे घेऊन आला, तर वस्तादांनी आधी थोबाडीत दिली आणि मग पेढा खाल्ला. "एक डोळा घालवून आलीया ही नोकरी. सोडलीस तर दुसराबी मीच फोडून घेईन, पर तुजं तोंड बघनार न्हाय!" संजू हसला आणि लगेच भिंतीकडं तोंड करून रडला.

गेल्या दिवाळीनंतर वस्ताद गेले. सगळी गल्ली ढसाढसा रडली. ज्यांचे दात पाडले होते तेही.

परवा या वर्षीचा निकाल लागला. आता तो संजूच सांगतो, त्याच दारात उभा राहून. एका नापास पोरानं खाली वाकून दगड उचलला. संजूनं चष्मा काढून खिशात ठेवला आणि तिथंच थांबला. दगड आलाच, त्याच्या खांद्याला लागला. संजू सरळ चालत गेला आणि त्यानं पोराच्या कानाखाली अशी एक काढली की आवाज वर माझ्या टेबलापर्यंत आला.

"परत उतर," तो म्हणाला.

मला खुर्चीतच हुंदका फुटला. हुबेहूब वस्तादांचा हात होता.