बगळ्यांचा सीझन संपला, बाला

तू गेलास त्या दिवशी तळेगावच्या माझ्या खोलीत आपण चौघं होतो, आणि खाली रिक्षावाल्याच्या शिव्या खात कॅब उभी होती. बॅगा ठेवून झाल्या तरी अण्णा दारातच उभे. वीस वर्षं जत्रेतल्या कुस्त्यांचा पंच असलेला माणूस, हलगीच्या वर ज्याचा आवाज जायचा, तो धाकट्या पोराला निरोप देताना नुसता घसा खाकरत होता. शेवटी म्हणाले, "पडलास तर पडलास. उठायचं, पंचाला हात जोडायचा अन् घरी यायचं. घर काय जिंकलेल्यालाच असतंय का?" आईनं त्यांना दटावलं, निघताना असलं अभद्र कशाला बोलता म्हणून. तू हसलास. कॅनडा तेव्हा आपल्याला खिशात आल्यासारखा वाटत होता.

मी गाव सोडलं तेव्हा असं काही झालं नव्हतं. जिंतूरच्या स्टँडवर आईनं भाकरीचं फडकं हातात दिलं आणि बस सुटली, एवढंच. चाकणला पोरं लागतात असं ऐकलं होतं, आलो, लागलो. आधी ट्रेनी, मग कॉन्ट्रॅक्टवर, मग पुन्हा कॉन्ट्रॅक्टवर. आयटीआयनंतर बारा वर्षं मी गाड्यांचे दरवाजे बसवतोय, आणि अजून कुणी विचारलं की 'सध्या चाकणला आहे' असंच सांगतो. सध्या! बारा वर्षांचं सध्या.

तुझ्या पहिल्या हिवाळ्यात फोनवर बोलायला आपल्याकडे काही उरलं नव्हतं, आठवतं? थंडी किती, जेवलास का, आणि संपलं. मग कॉलेज सांभाळून तू जिथं काम करायचास त्या गोदामातल्या कुणीतरी तुला मॅचचं तिकीट दिलं आणि तू फोनवर ओरडलास, "दादा, बर्फावर कुस्ती अन् हॉकी एकदमच चालू आहे!" तुझ्या तिकडच्या गावची टीम, जर्सीवर पांढरा बगळा. तिचं इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसेना, म्हणून आपण बगळेच म्हणू लागलो. तुमची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट. पावणेसहाच्या कंपनी बसमध्ये बसलो की मोबाइल लावायचो. तळेगाव-चाकण रस्त्याची कृपा अशी की ट्रॅफिकमध्ये मॅचच्या तीनातले शेवटचे दोन पिरियड आरामात व्हायचे. लोक त्या रस्त्याला शिव्या घालायचे, मी मनातून त्याला दुवा द्यायचो.

एकदा शेवटची दोन मिनिटं राहिली होती, बगळे एका गोलनं मागे, आणि गोलकीपर जाळी सोडून बाकाकडे पळत सुटला. मी बसमध्ये ओरडलो, "अरे, गोली पळाला!" अख्खी फर्स्ट शिफ्ट जागी झाली. माझ्या शेजारचा मावळातला सोपानभाऊ दचकून म्हणाला, "कोन पळाला? सुपरवायझर?" नंतर तू फोनवर पोट धरून हसलास आणि समजावलंस. हरत आले की गोली काढून घेतात, त्याच्या जागी एक गडी जास्तीचा पुढं घालतात. जाळी मोकळी राहते. मी विचारलं, ती काळी चकती मागे आली तर? तू म्हणालास, "मग गेलं, दादा."

दर सीझन संपला की आपण दोघं बक्षिसं वाटायचो, अण्णांच्या थाटात, जत्रेतल्यासारखी. गदा, फेटा, नारळ. आणि सगळ्यात शेवटी पाण्याचा तांब्या. तो अण्णांचा शोध. ते फडावर ओरडायचे, "जिंकलेल्याला गाव खांद्यावर घेतंय, हरलेल्याला कुणीतरी पाणी द्या रे!" आणि स्वतःच तांब्या घेऊन उठायचे. अण्णा गेले त्या वर्षी तुला येता आलं नाही. तिथं राहायच्या पर्मिटचं काहीतरी अडलं होतं. तू फोनवर रडलास आणि पंधरा दिवसांनी स्वतःच म्हणालास, बक्षिसं थांबवायची नाहीत. थांबवली नाहीत. गावच्या घराला कुलूप लावून मी आईला तळेगावला आणलं, दुसऱ्या मजल्यावर, जिथं तिला दाराबाहेर बसायला ओटा नाही.

तर या वर्षीची बक्षिसं. मला एकट्यालाच द्यावी लागतायत, तू भांडायला नाहीस.

गदा गोलीला. ज्याला आपण नाना म्हणतो, गावात आपल्या गल्लीच्या तोंडावर बसणाऱ्या नानासारखा, उत्तर दिल्याशिवाय कुणाला पुढं सोडत नाही म्हणून. फेटा एकोणीस नंबरला. पुढचे दात गेलेत, गुडघे गेलेत, तरी शेवटच्या सीझनमध्ये पोरांच्या आधी उठून उभा राहायचा. नारळ त्या नव्या पोराला, ज्याला कुणाची भाषा कळत नाही आणि ज्यानं गोंधळात स्वतःच्याच जाळीत गोल घातला. तू म्हणाला असतास, त्याला कशाला? कारण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळायला उतरला, म्हणून.

पाण्याच्या तांब्यापाशी माझा हात अडलाय.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तुझा मेसेज आला. "दादा, इथलं आता काही खरं नाही. मी बघतो. आईला सांगू नको." त्यानंतर तुझा फोन बंद. मी पाठवलेल्या प्रत्येक मेसेजवर एकच टिक. तुझ्या नांदेडच्या रूममेटला शोधून काढलं, तो म्हणाला खोली सोडून गेला, कुठं ते सांगितलं नाही. कॉलेजला मेल केला, वकिलातीला फोन लावला, तुमच्या गोदामाच्या नंबरावर मोडक्या इंग्रजीत विनवण्या केल्या. प्रत्येक जण नम्रपणे सॉरी म्हणतो. बाला, मी लाइनवर दरवाजा बसवताना तुझं नाव घेतो आणि एकच बोल्ट दोनदा आवळतो. भीती वाटते रे. नुसती भीती वाटते.

आणि आई रोज चार वाजता, मी बूट काढायच्या आत विचारायची, "फोन आलता का बालाचा? काय म्हनला?"

पहिल्या दिवशी बगळे जिंकले होते. मी म्हणालो, आला होता बसमध्ये, खुशीत होता. सुटलो. दुसऱ्या मॅचला हरले, म्हणालो जरा दमलाय. मग तेच सुरू झालं. जिंकले की तू खुशीत, हरले की तुला सर्दी. फेब्रुवारीत बगळे ओळीनं सात मॅच हरले. आईनं मला काढा लिहून घ्यायला लावला. आलं किती, तुळशीची पानं किती, गवती चहा तिकडं मिळतो का. मी लिहून घेतलं आणि तुला पाठवलं सुद्धा. एक टिक. खोटं बोलतोय हे कळत होतं, पण सकाळी बसमध्ये मॅच लावताना मी देवाला हेच म्हणायचो की आज जिंकू दे, आईला पोटभर बातमी मिळू दे.

चार दिवसांपूर्वी शेवटची मॅच झाली. बगळे एका गोलनं मागे, दीड मिनिट बाकी, नाना जाळी सोडून निघाला. या वेळी मी ओरडलो नाही. चकती सुटली ती सरळ मोकळ्या जाळीकडे, तिला अडवायला कुणी नव्हतं. सोपानभाऊनं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "राव, झालंय काय? घरी समदं बरं हाय ना?" मी मोबाइल बंद करून खिशात टाकला.

कारण सीझन संपला होता. आता उद्यापासून आईला काय सांगायचं?

चार वाजता तिनं विचारलं आणि मी बूट काढता काढता तसाच खाली बसलो. सगळं सांगितलं. मेसेज, खोली, बगळे, सर्दी. मला वाटलं ती छाती पिटेल. ती मेथी निवडतच राहिली. मग म्हणाली, "संक्रांतीलाच कळलं मला. बाला दर साली इचारतो, लाडू केलेस का वड्या. औंदा तू नुसतंच म्हनलास, तिळगूळ घ्या म्हनतो. तव्हाच कळलं."

"मग रोज कामून विचारायचीस?"

"तू सांगायलास म्हनून ऐकत होते. तेवढंच सांगताना तुझं तोंड बरं दिसायचं."

मी रडलो, बाला. एवढा बाप्या, आईपुढं. तिनं रडू दिलं. मग मेथी बाजूला सारून उठली आणि पिशवी भरायला लागली. लुगडी, देव, अण्णांचा तांब्या. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "मला गावाकडं सोड. सगळेच पुढं पळालो आपण, मागं कुलूप लावून. उद्या पोरगं हरून आलं तर काय कुलपाला सांगंल? कुनीतरी घरी असावं लागतंय." आयुष्यात एक मॅच न बघितलेली बाई!

तीन दिवसांची रजा टाकून तिला आणून सोडलंय. कुलूप गंजलं होतं, दगडानं फोडलं. मी अख्खं घर झाडलं, तिनं चूल सारवली. खरा नाना अजून गल्लीच्या तोंडावर बसतो, त्यानं विचारलं, धाकटा कुठंय? आई म्हणाली, "येनार हाय." मला ते माहीत नाही. आता जाताना बसमध्ये हे लिहितोय, तळेगावला उतरेन तेव्हा खोलीत कुणी विचारायला नसेल, आणि उद्या पावणेसहाला मोबाइलवर लावायलाही काही नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं की आपण पैसे पाठवू तेव्हा घर उभं राहतं. तू तिकडून, मी इकडून. तसं नव्हतं रे.

तेव्हा शेवटचं बक्षीस. पाण्याचा तांब्या तुला. आईनं तो घासून, भरून ओट्यावर ठेवलाय, रोज सकाळी पाणी बदलते. जिंकायचं राहू दे. पर्मिट, कॉलेज, लोक काय म्हणतील, सगळं राहू दे. पंचाला हात जोड आणि ये. जिंतूरहून शेवटची गाडी चुकली तरी चिंता करू नकोस, दाराला आता कुलूपच नाही.