दहावी बाटली

भोंगाकाकांनी आरोग्यखात्यात एकतीस वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी सायकलला कर्णा बांधून ओरडण्यात गेली. म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकात असेलच, पण ते वाचायला जातंय कोण!

गेल्या उन्हाळ्यात लाकडाच्या वखारीतले दोघे गोचीडतापानं आडवे झाले. एक तर वीस दिवस दवाखान्यात. मग खात्यानं शंभर बाटल्या पाठवल्या. बाटली म्हणजे केवढी, तर अंगठ्याएवढी. अंगावर गोचीड दिसली की चिमट्यानं कातडीलगत धरायची, सरळ ओढायची, बाटलीत टाकायची आणि काकांकडे द्यायची. रोगट गोचिडी कुठे आहेत, ते तपासणीत कळणार होतं. काकांनी दारोदार बाटल्या वाटल्या, घसा बसेपर्यंत समजावलं. महिनाभरात परत आल्या किती? एकही नाही. कुणी बाटलीत तपकीर भरली, कुणी अत्तर. खुद्द काकांच्या घरातली बाटली काकूंनी शिवणयंत्राच्या तेलाला लावली होती!

"सोमवारपर्यंत निदान दहा बाटल्या हव्यात, काका," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "नाहीतर तपासणीपथक दुसरीकडे जाईल. माझाही नाइलाज आहे."

वीस दिवस दवाखान्यात पडलेला तो गडी काकांनी डोळ्यांनी पाहिला होता. ओंडके खेळवणारा माणूस, पण पाण्याचा पेला धरताना हात लटलटत होते.

बुधवारी त्यांनी कर्णा घरीच ठेवला आणि वखार सुटायच्या वेळेला फाटकात जाऊन उभे राहिले. तिथली एक जुनी रीत होती. अंगावर लाकडाचा भुसा घेऊन घरी गेलं की बायका दारातच अडवायच्या, म्हणून सगळे गडी एकामागं एक रांगेत उभे राहायचे आणि प्रत्येक जण पुढच्याची पाठ कुंच्यानं झाडायचा. काका बघत राहिले, आणि एकदम त्यांचे डोळे चमकले.

"अरे, झाडताच आहात, तर मानेवर, कानामागं, काखेत जरा नजर टाका की!"

मुकादम खो खो हसला. "काका, माझ्या कातडीत शिरायला तिला गिरमिट लागेल!"

त्याच्या मागं करवतीला धार लावणारे आजोबा उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "मग घेऊनच आलीय वाटतं. डाव्या कानामागं बसलीय बघ."

मुकादमाचं हसू जागच्या जागी विरलं. "काढा! काडी ओढून चटका द्या तिला!"

"चटका नाही. चिमटा," काका म्हणाले.

"दुखेल का हो?"

"एवढे ओंडके खांद्यावर घेतोस आणि तिळाएवढ्या किड्याला भितोस होय रे?"

सगळी रांग पोट धरून हसली. हसता हसता प्रत्येकाचा हात मात्र आपापल्या कानामागं गेला. त्या संध्याकाळी तीन बाटल्या भरल्या. मग चढाओढच लागली. शनिवारपर्यंत नऊ झाल्या.

नऊच! रविवारी वखार बंद. काका पडवीत बाटल्या पुन्हा पुन्हा मांडत बसले.

"अहो, मांडून का वाढणार आहेत त्या?" काकू म्हणाल्या. "बरं, तुमची मान कुणी बघितली?"

"मी कुठं ओंडके उचलतो?"

"चार दिवस त्या ओंडक्यांना टेकून उभे होतात ना? सदरा काढा. मुकाट्यानं."

काकांनी सदरा काढला. काकूंनी चष्मा पुसून मान पाहिली, पाठ पाहिली, मग डावा हात वर करायला लावला. आणि तिथंच थांबल्या.

"हलू नका. आहे."

"खरंच?" काका इतके खूश झाले, की चिमटा लागला तरी त्यांना कळलं नाही. काकूंनी जागा साबणानं धुतली, तेल वाटीत ओतलं आणि बाटली घासून लख्ख केली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बाटल्या मोजल्या. शेवटची उघडून नाक मुरडलं. "हिला तेलाचा वास कसा?"

"ती आपल्या खात्यातलीच आहे, बाई," काका म्हणाले.

सगळं ऐकून बाई हसत सुटल्या आणि पथकाचा मुक्काम त्यांनी कायम केला. काकांना मात्र दोन आठवडे रोज ताप मोजायची ताकीद मिळाली. ताप काही आला नाही.

त्या संध्याकाळपासून काका वखारीच्या रांगेत उभे राहू लागले. मागं कुंचा घेऊन मुकादम.

"काका, हात वर!" तो असा ओरडायचा, की कर्ण्याची गरजच उरली नाही.