कागदावरचा हिरवा

प्रिंटरच्या ओल्या शाईचा वास आला की कानडी मुलखातल्या येलहंक्यातली ती दुपार आठवते. शाळा अर्धवट सोडून कामासाठी तिकडे गेलो होतो आणि जवळच्या आईच्या एकुलत्या एका फोटोचा रंग उडत चालला होता. फोटोच्या दुकानातल्या अक्कांनी तो स्कॅन करून रंग उजळले. पडद्यावर साडी पालवीसारखी हिरवी झाली आणि मी घाबरलो, ही आई वाटेचना. "पडद्यावर उजेड असतो, कागदावर शाई. स्वल्प मंद येणार, सरी? चालेल ना?" अक्का म्हणाल्या. प्रिंटर गुणगुणत एकेक ओळ सोडत राहिला. "फारच मंद आला रे, परत काढते." "नको अक्का, रोज धुऊन साडी अशीच झालीय." त्या हसल्या, कागद उडू नये म्हणून त्यांनी पंखा बंद केला आणि आम्ही दोघं घामेजून आई वाळायची वाट बघत बसलो. अजून वाटतं, त्या उकाड्यात मी घरीच होतो.